संत्र्याचा ताण मी स्वतःला दिला

२०२३ साली, आमचं पांढुर्णा जिल्हा झालं त्या वर्षी, मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दिवसेंदिवस जवान होऊन राहिलो होतो.

हसू नका! ढेरी गेली. एका बसणीला सहा भाकरी खायचो, तरी धोतर कमरेवर ठरत नव्हतं. कार्तिकात सारं गाव शेकोटीजवळ, आणि मी उघड्या अंगानं पंख्याखाली! बायकोला म्हटलं, "सुमन, देवानं माझं वय मागं फिरवलं पाह्य."

"वय फिरलं का डोकं फिरलं, ते पाहा आधी. काल मीठ कमी पडलं तं वरणाची गंजी अंगणात फेकली तुमी!"

(गंजी, म्हणजे पातेलं, रिकामं होतं. वरण मी खाऊन टाकलं होतं.)

एकच खोट होती. हात थरथरायचे. आणि माझं सारं काही हातातच आहे, कारण शाळा मी चौथीत सोडली. (मास्तर म्हणत, शाळेनं मला सोडलं.) पण पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत संत्र्याचं कलम बांधावं तर मीच! जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी आवळायची. केसभर हात हलला की डोळा मेला. माघात कलमं बांधायची होती, आणि इथं माझ्या हातून चहाचा कप बशीत सांडल्याशिवाय तोंडापर्यंत येत नव्हता.

हे नेमकं पाहिलं कोणी? लोधीखेड्याच्या इवायानं, म्हणजे माझ्या सुनेच्या बापानं! तोही कलमं बांधतो. (त्याची शंभरातली किती जगतात ते मी सांगत नाही. नातं आहे.) तो सुमनला हळूच, म्हणजे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळूच, म्हणाला, "विहीणबाई, राग नका मानू. हात कापते, घाम सुटते, माणूस चिडते. हे बाटलीचं लक्षण हाय."

झालं! जन्मात थेंब न शिवलेल्या मला सुमननं जामसांवलीच्या मारुतीपुढं उभं केलं आणि दारू सोडायची शपथ घ्यायला लावली. शपथ घेतानाही हात थरथरत होता, म्हणून दोनदा घ्यायला लावली.

शेवटी मुलगा मधू मला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणजे माझ्या नातीएवढी पोरगी. रक्ताचा कागद पाहून म्हणाली, "आजोबा, तुमच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे."

"मंग चांगलंच हाय. घरात कोणीतरी काम करून राहिलं!"

"चांगलं नाही. अशानं हृदयाचे ठोके बिघडतात." तिनं तीन वाटा सांगितल्या. एक, वर्ष-दीड वर्ष गोळ्या आणि दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी. दोन, ऑपरेशन. तीन, एकदाच घ्यायचं आयोडीनचं औषध. त्यानं तीनेक महिन्यांत हात ठरेल, पण पुढं ग्रंथी थंड पडू शकते. मग रोज एक गोळी, जन्मभर.

"जन्मभर? म्या आजवर तापाची गोळी घेतली नाही!" असं म्हणून, विचार करतो सांगून, मी घरी आलो.

आणि विचार केला, हीच चूक झाली. संत्र्याचं झाड माजलं, नुसतं पाल्यावर गेलं, तर आपण त्याला दवाखान्यात नेतो का? पाणी तोडतो! पानं सुकतात, माज उतरतो, मग पाणी दिलं की फुलावर येतं. याला ताण म्हणतात. माझी ग्रंथीही माजलीच होती ना? मी तिला ताण दिला. दिवसाला दोन घोट पाणी आणि अर्धी भाकर. तिसऱ्या दिवशी दुपारी रोपवाटिकेत उभा राहून तिला विचारलं, "आता कसं वाटते?" आणि तोंडघशी जंबेरीवर पडलो.

डोळे उघडले तर अंगावर इवाई वाकलेला! "सांगत नव्हतो मी? पिऊन पडला!" त्यानं माझं तोंड हुंगलं. "पण वास नाही येत."

"मंग?" सुमन रडत होती.

"मंग महागातली असन!"

पुन्हा नागपूर, आणि हाताला सलाईन. मधूनं ताणाची गोष्ट सांगितली तशी डॉक्टरीण हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "आजोबा, झाड सोसतं. तुमचं हृदय सोसणार नाही. आता ठरवा."

मी खाटेवर पडून, कोणाला न विचारता ठरवलं. गोळ्या म्हणजे फवारणी, आज मारा, उद्या पुन्हा मारा. ऑपरेशन म्हणजे चाकू, आणि चाकूची करामत मला माहीत आहे. आयोडीन मात्र मुळाशी ओतायचं औषध. झाड आपलं आपण ओढून घेतं. बोटं मोजली, माघापर्यंत जमत होतं. "आयोडीन द्या," म्हटलं. "अन् ते जन्मभराची गोळी दुसऱ्या कोणाले लिहून द्या!"

औषधानंतर काही दिवस अंगातून किरणं निघतात, लहान नातीपासून दूर राहायचं होतं, म्हणून मला बगिच्यातल्या खोलीत ठेवलं. इवाई डबा द्यायचा तो बांबूच्या टोकाला टांगून!

पौष सरता सरता कप बशीत वाजायचा थांबला. माघात मी चाकू घेऊन बसलो, आणि माझी फजिती पाहायला इवाई बाजेवर. दिवसभरात दोनशे डोळे बांधले. वीस-बावीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या, तर इवाई स्वतः ओळीनं बोट लावत फिरला. मेलेले किती? सहा! पुन्हा फिरला. सहाच! मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खरं सांगा इवाई, कोणती घेतली?"

त्याच आठवड्यात मला फाल्गुनाच्या उन्हात घोंगडी लागायला लागली. बसल्या जागी डुलक्या. रक्त तपासलं, तर ग्रंथी थंड! डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. सारं घर माझ्या तोंडाकडं पाहत होतं. मी फक्त "पाहू" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साऱ्यांना अंगणात उभं केलं. इवायालाही बोलावून घेतलं. ती तिळाएवढी गोळी दोन बोटांच्या टोकावर धरली आणि हात लांब केला. हात तसूभर हलला नाही! "पाहून घ्या!" मी गरजलो, मान वर केली, ऐटीत गोळी तोंडात उडवली. ती मिशीवर आपटून खाली पडली आणि कोंबडीनं खाल्ली.

दुसरी गोळी मी घरात जाऊन, कोणाला न दाखवता, पाण्यासोबत गिळली.