आईची शुद्ध केलेली गोळी

नव्वदच्या दशकात अबुधाबीच्या हॉस्पिटलात माणूस कितीही कळवळत असला तरी आधी फॉर्म भरावा लागे. व्हिजिट व्हिसावर आणलेल्या माझ्या आईचं पित्ताशय महिन्याभरातच बिघडलं आणि ऑपरेशन ठरलं. काउंटरवर बोर्ड होता: घरून आणलेली औषधं जमा करा, अंमली पदार्थ सापडल्यास पोलिसांना कळवलं जाईल. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. बोर्ड वाचून तिने लगेच पिशवीतून डबी काढली.

"झोपेच्या गोळ्या आहेत, आपल्या वैद्यांच्या. भांग आहे त्यात, पण शुद्ध केलेली," ती अभिमानाने मला म्हणाली.

शुद्ध केलेली! म्हणजे तुरुंगात आम्हाला सोवळ्यातली कोठडी मिळाली असती.

मी डबी हिसकावली आणि टॉयलेट गाठलं. गोळ्या तिच्यासारख्याच हट्टी. चौथ्या फ्लशला एकदाच्या गेल्या. मी तेव्हा कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो, नियम पाळा म्हणून लोकांना लेक्चर देत असे.

मग भूल देणारे डॉक्टर आले. इजिप्शियन, बोलायला फार गोड. "हबीबी, आईला विचार, झोपेसाठी काही घेते का? खरं सांगा हं, भुलीचा डोस त्यावर ठरतो."

खरं सांगावं तर पोलीस, खोटं सांगावं तर आई टेबलावरून परत येईल की नाही, देव जाणे. मी तिच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. एकदा खोटं बोललो म्हणून याच बाईने मला भर वर्गात अंगठे धरून उभं केलं होतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "नो." मराठीत तिला ते जमलं नसतं.

दोन तास मी त्याच बोर्डाखाली बसून होतो. इतका घाबरलो होतो की ज्या देवांची मी एरवी टिंगल करायचो, त्या सगळ्यांना नवस बोलून झाला.

शुद्धीवर आल्यावर ती काहीतरी पुटपुटली.

"अम्मा क्या बोलती है?" मल्याळी सिस्टरने विचारलं.

"पानी माँगती है," मी म्हणालो.

आई म्हणाली होती, "उठले रे बाबा. नसते उठले, तर तो 'नो' जन्मभर तुझ्या मानगुटीवर बसला असता."