शहागडला माझ्या आधी आलेला मी

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि अजूनही धड बसलेला नाही. राजूरला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर नोझल आणि वॉशर बघणाऱ्या माणसाला गळती कुठून होते ते शोधायची सवय असते. या प्रकरणातली गळती मात्र मला सापडलेली नाही... म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा.

सुरुवात माझ्या जळफळाटापासून झाली. माझे साडू दत्ताराव, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, जालन्याला राहतात. पूर्वी आम्ही सोबतच प्यायचो. मग ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागले आणि चक्क नऊ महिने टिकले. तेव्हापासून सासुरवाडीत सगळं काही दत्ताराव. सासूबाई त्यांना न विचारता तूप वाढायच्या, आणि मी मागितलं तरी त्यांना ऐकू यायचं नाही. नालीत पडलेला माणूस बाहेर आला म्हणून त्याला हार घालायचा, हे मला पटत नव्हतं. त्याच नालीत मी त्यांच्यापेक्षा शिस्तीत पडलेलो होतो.

एक दिवस माझी बायको सुनंदा बॅगेत साड्या भरता भरता म्हणाली, "दाजी बघा कसे सुधरले. दिवाळीला मी माहेरी जाऊन राह्यले. परत यायचं का न्हाई, ते तुमच्यावर हाये."

जालन्याच्या मीटिंगला जाणं म्हणजे दत्तारावांचा चेला होणं. म्हणून फोनाफोनी करून मुद्दाम दूरची मीटिंग शोधली. शहागड, दर रविवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या खोलीत. एसटीतून हायवेवर उतरलो, पण पत्ता विचारायची लाज. टपरीवाल्याला हळूच म्हणालो, "ते पिणारे लोक बसतात ते कुठं?" त्याने अगत्याने देशी दारूच्या दुकानाकडे बोट दाखवलं. खोटं कशाला बोलू, अर्ध्या वाटेपर्यंत गेलोही होतो.

शेवटी शाळा गाठली. खोलीत दहा-बारा माणसं होती. मीटिंग चालवणारे एक रिटायर मास्तर पुढे आले.

"या, प्रकाशराव. दोन रविवार कुठं गेल्ते?"

मी अजून नावही सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मी तर पहिल्यांदाच येऊन राह्यलो."

"तुमची मस्करी काही सुटायची न्हाई," म्हणत त्यांनी माझ्या हातात चहा दिला. बिनसाखरेचा. मी तसाच पितो. "पुढच्या रविवारी दारू सोडून वर्ष पुरं होतंय तुमचं. मेडल आणून ठेवलंय. बाईंना घेऊन या."

शेजारचा शेतकरी कानाशी वाकला. "भाऊ, तुमचं ते पंपाचं ऐकलं अन् मी पण घरातल्या सगळ्या जागा साफ केल्या."

"कोणतं पंपाचं?"

"मालक न्यायला आला न्हाई त्या पंपाच्या टाकीत क्वार्टर लपवायचं. तुम्हीच सांगितल्तं ना."

चहा पँटवर सांडला. दुकानाच्या मागे तसा एक पंप आहे, आणि त्या क्षणी त्यात क्वार्टर होती. ही गोष्ट सुनंदाला माहीत नव्हती, दत्तारावांनाही नाही.

शहाणा माणूस तिथेच ओरडला असता. मी मनात हिशेब केला—आपलं वर्ष, दत्तारावांचे नऊ महिने—आणि गप्प बसलो.

परतीच्या एसटीत मात्र त्या दुसऱ्याचा राग यायला लागला. नाव माझं, तोंड माझं, आणि ओळखताना कोणी चुकलं नाही म्हणजे भुवईवरचा व्रणसुद्धा माझाच. आणि लोक म्हणत होते, तो बोलायला लागला की खोली चिडीचूप होते. मी आयुष्यात एकदाच लोकांना चिडीचूप केलंय—मेव्हण्याच्या लग्नात बँडवाल्याच्या ढोलावर पडलो तेव्हा. या जळण्यापायी गुरुवारी प्यालो.

पुढच्या रविवारी सुनंदाला घेऊन गेलो. कशाला ते सांगितलं नाही. आणि माझी अक्कल बघा, दत्तारावांनाही बोलावलं.

दारातच मास्तर म्हणाले, "या बाई. वर्ष झालं यांचं."

"कोणाचं?" सुनंदाने विचारलं.

"प्रकाशरावांचं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या दत्तारावांकडे. पदर सावरला आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. दहा वर्षं तिने माझं असंच झाकलं होतं—दूधवाल्यापासून, तिच्या आईपासून.

मी सारखा दाराकडे बघत होतो. तो खरा मानकरी आला तर? तो आला नाही.

तिथली एक पद्धत आहे. मेडल देण्याआधी विचारतात, "आज कोणी पहिल्यांदा आलंय का?" मास्तरांच्या तळहातावर मेडल होतं. सुनंदा मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. मला काय झालं कोण जाणे, हात वर गेला.

"माझं नाव प्रकाश. हा माझा पहिला दिवस हाये. मागच्या रविवारी खोटं खपवून गेल्तो. गुरुवारी प्यालोय. ती क्वार्टर अजून पंपातच हाये."

पहिली टाळी दत्तारावांनी वाजवली. तिथेही माणूस पहिलाच.

मास्तरांनी माझ्या भुवईवरचा व्रण निरखला. "मंग वर्षभर इथं कोण येऊन राह्यलं होतं?"

तिथे फोटो काढत नाहीत, हजेरी घेत नाहीत, गाव विचारत नाहीत. तो पुन्हा कधी आला नाही. माझ्या आईला विचारलं, मला जुळा भाऊ होता का. ती म्हणाली, "एकच पुरे झाला." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दारूने भास होतात. पण भास मला व्हायला हवेत, बारा माणसांना कसे होतील?

माझ्या पहिल्या दिवसाला आता सात महिने झाले. सुनंदाची बॅग माळ्यावर गेली. मेडल मास्तरांच्या टेबलाच्या खणात पडून आहे.

त्या रविवारी परतीच्या एसटीत सुनंदाने विचारलं होतं, "तो खरंच तुमच्यासारखा दिसायचा का हो?"

"लोक म्हणतात तसं."

ती खिडकीकडे वळली. "मंग त्याच्या घरी कोण असंल?"

दत्तारावांवर जळणं मी सोडलंय. पण तो... तो कुठे का असेना, माझ्यापेक्षा अख्खं वर्ष पुढे आहे. मी रोज एक दिवस पुढे जातो, तर तोही जातो. अंतर तेवढंच राहतं.