चिचगडला वाजलेली मुकी पट्टी

प्रिय सई आणि ओम,

ही हकीकत तुम्हाला आपण सांगणार, असं नलूआजीने परवा फोनवर जाहीर केलं. म्हणून मी घाईघाईने आधी लिहायला बसले आहे. नलूच्या तोंडी ही गोष्ट दर वेळी वाढते. मागच्या महिन्यात गोष्टीत मोगऱ्याचा वास आला, आणि आता म्हणे एक पांढरी आकृतीही आली आहे! तसलं काही नव्हतं. झालं ते एवढंसंच होतं, आणि मला तेच पुरेसं आहे.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, भुताच्या कथाही शिकवल्या आणि घरी येऊन शांत झोपले. वीज गेली की मी आधी फ्यूज बघते. तेव्हा हे वाचताना आजी म्हातारी झाली असं म्हणू नका.

गोंदियात आम्ही चौघी मैत्रिणी भजनं म्हणतो हे तुम्हाला माहीत आहे. नलू गाते, शोभा तबल्यावर, विमल झांज वाजवते आणि मी पेटी, म्हणजे हार्मोनियम. ही पेटी जुनी आणि एकेरी सुरांची आहे. प्रत्येक पट्टीखाली पितळेचा एक पातळ सूर असतो, त्यातून हवा गेली की आवाज येतो. आमच्या पेटीतला एक सूर फार पूर्वी तुटला. दुरुस्ती करणाऱ्याने तो काढून टाकला, हवा जाऊ नये म्हणून छिद्रावर चामड्याचा तुकडा चिकटवला, नवा सूर आणतो म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. ती पट्टी तेव्हापासून मुकी. आणि नेमका तोच आमचा वरचा सा! मला काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरल्याशिवाय, धड वाजवता येत नाही, त्यामुळे सुटका नाही.

त्यातून एक रीतच पडून गेली. भजनात वरचा सा आला की पेटी गप्प होते आणि नलूचा आवाज एकटा वर उभा राहतो. माझं बोट सवयीने त्या मुक्या पट्टीवर पडतं, पण ऐकू येते ती फक्त नलू. लोक त्या क्षणाची वाट बघतात. पेटी दुरुस्त करू या म्हटलं की नलू म्हणायची, "खबरदार! ती जागा माझी आहे."

मग तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलणं पूर्ववत झालं, पण वरच्या सावर आवाज फाटायचा. जखम बरी झाली आहे, सराव करा, असं डॉक्टर म्हणाले. नलूने उलट केलं. शनिवारच्या तालमीला येणंच बंद केलं. यजमान गेल्यापासून गाणं हेच तिचं माणसांत येणं होतं. ते सुटलं तर ती घरात मिटून जाईल, याची आम्हा तिघींना धास्ती होती. त्यात गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या देवळातलं महाशिवरात्रीचं भजन जवळ येत होतं.

"माझ्या माहेरी चला," विमल म्हणाली. "चिचगडला. दोन दिवस खाऊ, झोपू, गाऊ. नाही गाता आलं तर नुसतं खाऊ."

जानेवारीतला शनिवार होता. आमगाव, देवरी करत विमलच्या भाच्याच्या गाडीतून गेलो. पेटी मांडीवर, तबला पायाशी. धान निघालेल्या बांधीत लाखोळीचं कडधान्य फुललं होतं, त्यापुढे जंगल. विमलच्या वहिनीने दारातच पेटी बघितली आणि म्हणाली, "एवढं ओझं कायले आणलं जी? गळा तं संगंच असते."

शनिवारी नलू गायली, पण वरच्या साशी येऊन आवाज फाटला. दुसऱ्यांदाही तेच. तिने हसून ते खोकल्यावर ढकललं. चहाच्या वेळी म्हणाली, "महाशिवरात्रीला तुम्ही तिघी जा. माझं झालं आता."

"मग आम्ही काय नुसता तबला वाजवून राहू का तिथं?" शोभा तडकली. "महादेव उठून पळेल!"

नलू हसली, पण तिचं ठरलेलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, की नागऱ्यापुरता कुणाकडून दुसरी पेटी मागून आणते, वरच्या साला आधार मिळेल. ती चिडली. "तिथं पेटी वाजली की लोकांना कळलंच ना, की नलिनीचा गळा गेला! त्यापेक्षा न गायलेलं बरं."

रविवारी जेवणाआधी आम्ही सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, उन्हात बसलो. स्वयंपाकघरातून लाखोळीच्या वड्यांचा वास येत होता. "एकदा शेवटचं म्हणते," नलू म्हणाली, "मग जेवू." सकाळपासून वीज नव्हती. शोभाने नातवाशी बोलून मोबाईलची बॅटरी संपवली होती, त्यामुळे तिच्याच मोबाईलवर असलेला तानपुराही नव्हता. फक्त पेटी, तबला, झांज.

वरच्या साची ओळ आली. माझं बोट सवयीने मुक्या पट्टीवर पडलं... आणि ती वाजली.

नीट, भरीव, बाकीच्या सुरांसारखीच. माझा भाता धरलेला हात थांबत होता, पण नलूने तो सूर धरलासुद्धा. आवाज किंचित थरथरला, मग स्थिर झाला. शोभाने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं, पण ठेका सोडला नाही. ओळ तीनदा आली, तिन्ही वेळा पट्टी वाजली, तिन्ही वेळा नलू पोचली.

भजन संपलं आणि नलू माझ्यावर उखडली. "चोरून दुरुस्त केली ना? माझ्या जागी यायचं नाही म्हणून सांगितलं होतं!"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय भूत वाजवून राहिलं?"

"तूच दाब," म्हणून मी पेटी तिच्याकडे सरकवली. तिने पट्टी दाबली. लाकडाचा टक् आवाज, बस. पुन्हा दाबली, भाता जोरात हलवला. काही नाही. विमलने झांज खाली ठेवली.

तेवढ्यात वहिनी झारा घेऊन बाहेर आली. "काऊन थांबल्या जी? काल तं पेटी मधातच बंद पडत होती, आज कशी पुरी वाजून राहिली होती!" आम्ही तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी स्क्रू काढून पेटी उघडली. सुराची जागा रिकामी होती. छिद्रावर चामड्याचा तुकडा घट्ट चिकटलेला, त्यावर जुनी धूळ, बोटाचा ठसासुद्धा नाही. शेजारची पट्टी दाबली गेली म्हणावं, तर तो सूर वेगळा, लगेच बेसूर झालं असतं. चौघींना भास झाला म्हणावं, तर आत वडे तळणाऱ्या वहिनीचं काय?

"बंद कर ते," नलू म्हणाली. तिचा राग गेला होता. "मी परत म्हणते. पेटीशिवाय."

आणि ती गायली. वरच्या साला गेली, एकटी, आणि तिथं स्थिर राहिली. विमल पदराने डोळे पुसायला लागली. "रडून काय राहिली," नलू म्हणाली, "वडे थंड होऊन राहिले ना!"

आता माझं मत. नलूचा आवाज परत आला याला कारण आहे. जखम भरली होती, भीती उरली होती, ती एका आधाराने गेली. हे मला कळतं. तो आधार कुठून आला, हे मात्र कळत नाही. नंतर एका जाणकाराला पेटी दाखवली. त्याने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सौम्यपणे म्हणाला, "आजी, ही पट्टी वाजू शकत नाही." मी म्हटलं, मलाही तेच म्हणायचं आहे.

नलू महाशिवरात्रीला नागऱ्याला गायली. तिचा आवाज पूर्वीपेक्षा जरा जाड झाला आहे, आणि मला तो जास्त आवडतो. आम्ही चौघीही अजून आहोत, आणि दर शनिवारी बसतो.

तुमची,
आजी