बुधवार, अकरा ते एक

आमच्या घरात किस्से टेकअवेच्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि कुठलं झाकण कुठल्या डब्याचं हेही आता आठवत नाही. इथे ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलला आम्ही जुने स्टुडंट्स जमलो की आधी पोरांच्या ट्यूशन निघतात, मग चहा होतो आणि मग कीथसर निघतात. त्यांचे किस्से मात्र मला झाकणासकट आठवतात.

*

तेव्हा अर्धा भारत ऑस्ट्रेलियात अकाउंटिंग नाहीतर हेअरड्रेसिंग शिकायला आला होता. आम्ही अकाउंटिंगवाले. डोळा अर्थातच पीआरवर, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यावर. डिग्रीत एक विषय बाहेरचा घ्यावा लागायचा. पिंपरीच्या सच्याने टाइमटेबल पालथं घालून एक शोधून काढला : विसाव्या शतकाच्या मध्यात युनिव्हर्सिटीचं समाजातलं स्थान.

"अरे, आपल्याला काय करायचंय त्याचं?" मी विचारलं.

"बुधवारी अकरा ते एक. बुधवारी कुणालाच पार्टटाइम कामाची शिफ्ट नाही. आणि परीक्षा नाही, नुसते निबंध!"

आमचा प्रणव सावध. "याने पीआर मिळतो का?"

"नाही."

"अडतो का?"

"नाही."

"मग घे!"

एवढ्या ज्ञानलालसेने आम्ही नऊ मराठी पोरंपोरी त्या विषयाला भरती झालो. आणखी तीन ऑस्ट्रेलियन होते, ते दुसऱ्याच आठवड्यात समुद्राकडे गेले ते परत आले नाहीत.

*

पहिला तास. दार उघडून पांढऱ्या केसांचा, उंच, एका गुडघ्याने लंगडणारा माणूस आत आला. आम्ही नऊ जण सवयीने खाडकन उठून उभे राहिलो.

तो दारातच थांबला. "इतक्यात वॉकआउट? मी अजून तोंडही उघडलेलं नाही, मेट!"

त्याच्या जमान्यात वर्ग एकदम उठला तर तो निषेध करायला उठायचा. प्रणवने सांगितलं, आमच्याकडे सर आले की उठतात. त्याला हे निषेधापेक्षा भयंकर वाटलं. "मी कीथ. सर नाही. आणि या वर्गात कुणी कुणासाठी उठायचं नाही. युनि त्यासाठीच असते!"

नुसतं कीथ म्हणायला आमची जीभ रेटेना. शेवटी कीथसरवर तडजोड झाली. उठणं मात्र बंद केलं.

*

एकदा त्यांनी विचारलं, "युनिला का आलात? खरं सांगा."

सच्या म्हणाला, "पीआर." बाकी आठ जणांनी माना डोलावल्या. आता म्हातारा पेटणार असं मला वाटलं.

"गुड. मी आलो कारण मला मेंढ्या भादरायच्या नव्हत्या."

ते टूवूंबा गावाकडच्या शेतकऱ्याचं पोर. युद्धानंतर सरकारने युनिची दारं जरा सैल केली, स्कॉलरशिपा दिल्या, त्यात हे आत घुसले. घराण्यात पहिलेच. "का आलात याला महत्त्व नाही," ते म्हणाले. "आत आल्यावर काय होतं ते बघा. स्वतःलाच प्रश्न विचारून त्रास द्यायला समाज स्वखर्चाने जी जागा चालवतो, ती युनि!"

प्रणवने हात वर केला. "हे निबंधात येणार का?"

*

निबंध आला. सरांचाच एक जुना लेख, त्यावर टीका करा. आता सरांवर टीका कशी करायची? आम्ही नऊ जणांनी, एकमेकांना न विचारता, दोन-दोन हजार शब्दांत लिहिलं की सर म्हणतात ते बरोबर आहे.

सगळे नापास! खाली शेरा : "इतकं एकमत माझ्या घरात चाळीस वर्षांत झालेलं नाही. पुन्हा लिहा."

सच्याला राग आला. त्याने दुसऱ्यांदा लेख तर फाडलाच, वर सरांचं अक्षर, टाय आणि कुत्र्याचं नावही सोडलं नाही. त्याला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. कुत्र्याच्या मुद्द्याशेजारी बरोबरची खूण होती.

*

मग बातमी आली की विषय बंद होणार. नऊच विद्यार्थी, आणि 'समाजाला याचा उपयोग काय' असा फॅकल्टीचा प्रश्न. एक मॅडम तास बघायला येणार होत्या. सर त्या दिवशी काहीच विनोद करेनात. तीस वर्षं शिकवलेला विषय त्यांच्या डोळ्यांदेखत मरणार होता. आम्हाला फार वाईट वाटलं, आणि त्याचं आम्हालाच आश्चर्य वाटलं.

मॅडम आल्या त्या बुधवारी सच्याने आईला बरोबर आणलं. विषय वाचवायला वगैरे नाही. काकू तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि फ्लॅटमध्ये एकट्या कंटाळायच्या. सातवी झालेल्या. पंचवीस वर्षं पिंपरीत इंजिनिअरिंगच्या पोरांना डबे पुरवले, पण कॉलेजच्या वर्गात कधी पाय ठेवला नव्हता. दोन तास त्या पदर सावरून ऐकत होत्या आणि सच्या कानात मराठी करत होता. सर त्या दिवशी सांगत होते की पूर्वी युनिचे लोक गावोगाव जाऊन बायाबापड्यांना शिकवायचे.

शेवटी मॅडमनी नेमकं काकूंनाच विचारलं, "तुम्हाला या तासातून काय मिळालं?"

सच्याने मराठी केलं. काकूंनी जरा विचार केला आणि उलट विचारलं, "पुढच्या बुधवारी काय आहे?"

सच्याने इंग्रजी केलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

*

पुढच्या बुधवारी सरांच्या खिशात पत्र होतं. विषय आणखी एक वर्ष चालणार. त्यांनी ते वाचून दाखवलं, शिट्ट्या झाल्या. गुडघा फारच दुखत होता, म्हणून त्यांनी खुर्चीत बसूनच शिकवायला घेतलं.

सच्याला त्या दिवशी नेमकी शिफ्ट लागली होती, म्हणून काकू एकट्याच बसने निघाल्या आणि चुकीच्या स्टॉपवर उतरल्या. अर्ध्या तासाने दार किलकिलं झालं. घामाघूम काकू, पोटाशी दोनशे पानी कोरी वही.

"येऊ का सर?" त्यांनी मराठीतच विचारलं.

कीथसर बोलायचे थांबले. टेबलावर दोन्ही हात रोवले आणि हळूहळू, दात आवळत, उठून उभे राहिले. काकू पहिल्या बाकावर बसेपर्यंत ते तसेच उभे होते.

मग आम्हीही उठलो.