हनुवटीखालचा तळवा

इंग्रजी शब्द कसे तोडायचे हे शिकवायची शिकवणीवाल्या बाईंची एकच रीत होती. हनुवटीखाली तळवा धरायचा आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. जबडा जितक्या वेळा तळव्यावर टेकेल, तितके त्या शब्दाचे तुकडे. ओळ संपत आली तर आडवी रेघ देऊन शब्द तिथेच तोडायचा, भलतीकडे नाही. 'टुमॉरो'चे तीन तुकडे पडतात. 'स्ट्रेंग्थ' दिसायला लांबलचक, पण जबडा एकदाच पडतो, म्हणून तो तोडायचा नाही. अख्खाच्या अख्खा खालच्या ओळीत न्यायचा.

बाईंचा नवरा वेल्डर. कामात वाघ, गल्लीत गोड बोलणारा आणि घरात राक्षस. कंबरपट्टा, बूट, हाताला लागेल त्याने बायकोला मारायचा. शेजारणी म्हणायच्या, "भांड्याला भांडं लागायचंच." भांडं म्हणे! भांड्याला पोचे पडतात, बाईंचे तर दोन दात पडले होते. याच शेजारणी दुपारी आपली पोरं बाईंकडेच शिकायला पाठवायच्या.

बाईंनी सगळं सोसलं, पण मनाशी एक हद्द आखली होती. ठमीला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, हात लागता कामा नये. मारहाण सुरू झाली की त्या तिला मागच्या खोलीत ढकलून कडी घालायच्या आणि तोंडातून हूं की चूं काढायच्या नाहीत. पोरीने घाबरून जगायला शिकू नये, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. वेडी माय. भिंतीलाही कान असतात, मग पोरीला नसतील का?

त्या दिवशी बाईंचा जबडा सुजून टम्म झाला होता. आदल्या दिवशी शिकवणी संध्याकाळपर्यंत लांबली, दारातल्या पोरांच्या चपलांवर वेल्डर अडखळला, आणि त्याचा राग बाईंच्या तोंडावर निघाला. बोलणं जमेना, म्हणून त्यांनी ठमीला खुर्चीवर उभं केलं. ठमी हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणत होती आणि समोर बसलेली पोरं तसंच करत होती. बाई ठणकणारा गाल धरून कोपऱ्यात बसल्या होत्या.

तेवढ्यात वेल्डर अवेळी घरी आला. बघतो तर सगळी खोली जबडे धरून बसलेली. चोराच्या मनात चांदणं! त्याला वाटलं, बायकोने कालचं सगळं सांगितलं आणि ही कार्टी त्याचीच नक्कल करतायत.

"माझा तमाशा मांडलास काय गं?"

"अहो, शब्द तोडतायत ती…" बाईंच्या तोंडातून धड शब्द फुटेना.

"बाबा, सोपं आहे," ठमी हसत म्हणाली. "हात असा धरायचा."

त्याने ठमीचा जबडा पकडला, तिला तसंच उचललं आणि भिंतीवर आपटलं. पोरीचा ओठ फाटला. पोरं किंचाळत दाराकडे पळाली. मग त्याने तिचे केस धरले.

बाईंनी लोखंडी स्टूल उचललं.

"सोड तिला!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून नवऱ्यासाठी अरेतुरे निघालं. पहिल्या घावात त्याचं कोपर मोडलं. कडकन् आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तो खाली पडला, "पुरे, पुरे, पाया पडतो" म्हणाला, तरी बाई थांबल्या नाहीत. इतक्या वर्षांचा हिशेब त्या एका दमात चुकता करत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. हात गळून गेले तेव्हाच स्टूल खाली आलं. वेल्डर रक्तात पडून कण्हत होता. जिवंत होता, पण आता त्या हाताने तो कुणाला मारणार नव्हता.

दारात गर्दी जमली. एरवी झोपलेले सगळे शेजारी आज कसे बरोबर जागे! "अगं, काय केलंस हे?" कुणीतरी म्हणालं. बाईंना ते ऐकूच आलं नाही. त्या लेकीकडे वळल्या.

"ये गं माझी बाय. संपलं सगळं."

त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ठमी भिंतीला चिकटली, आणि तिने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.

"आई, नको ना मारू," ती म्हणाली. "मी काही नाही केलं."