आबाजींचं पहिलं नाव

आता मी राहते त्या फुलचूरला संध्याकाळी राईस मिलकडून उकडलेल्या धानाचा वास आला की माझं कशातच मन लागत नाही. माझी दहावीची परीक्षा संपली होती, तेव्हाचा तो वास. सौंदडच्या घराच्या अंगणात आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, चुलीवरच्या मोठ्या गंजात धान उकडत होते आणि मी गुलामांवरची एक जाडजूड कादंबरी वाचत होते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या पोराचं नाव मालक बदलून टाकतो, त्या पानावर मी अडले. उठले, अंगणात फेऱ्या मारल्या, पुन्हा येऊन बसले.

"काऊन तळमळून राहिली व?" चुलीत लाकूड सारत आबाजींनी विचारलं. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं.

"माहंही बदललं होतं," ते म्हणाले. "लहानपणी मालगुजाराची ढोरं राखायले लागलो. त्याच्या पोराचं अन् माहं नाव एकच होतं. म्हणून मले कचरू केलं."

"मंग खरं नाव काय होतं?"

तो जमीनदार मालगुजार कधीचाच मेला होता. तरी सांगण्याआधी आबाजींनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. कुणी आलं वाटून मीही पाहिलं. रस्ता रिकामा होता. ते कुणाला बघत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.