हस्कीला दिलेलं पोळ्याचं आवतण

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायचं धाडस केलं याबद्दल आधीच माफी मागतो. पण आमच्या हस्कीबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सोनपेठजवळ एका डॉक्टरांचं शेत सांभाळतात. डॉक्टरांनी हौसेनं आणलेला हा निळ्या डोळ्यांचा कुत्रा फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून शेतावर आला. उन्हाळाभर पाटाच्या पाण्यात पडून असायचा.

मोबाइलवर वाचून मी आण्णांना सांगितलं, बर्फाच्या मुलखात ही कुत्री बिनचाकाची गाडी ओढतात. त्यांतली मालाम्यूट जात जड ओझं सावकाश ओढते, हस्की हलकं ओझं घेऊन लांबवर पळतो.

"म्हंजे ते लाल कंधारी बैल अन् हे पळणारं खिल्लार," आण्णा म्हणाले.

पावसाळ्यात हवा गार झाल्यावर त्यांनी सायकलच्या चाकांची छोटी गाडी केली. हस्की रोज पहाटे गवताचा भारा घरी आणू लागला. एखाद्या दिवशी जुंपला नाही, तर रुसून बसायचा.

यंदा परीक्षेमुळे पोळ्याला मी परभणीतच अडकलो. आदल्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," म्हणताना आण्णांनी हस्कीलाही आवतण दिलं होतं. ते ऐकून पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल नेण्याचा मान असलेले गावचे म्हातारबा घरी आले होते.

"कुत्रं तोरणाखालून? लोक हसतील की रं!"

"आवतण दिलंय, म्हातारबा. पाव्हण्याला माघारी कसं धाडू? त्याला न्हाई, तर आमची जोडी बी न्हाई."

"उद्या बघू," म्हणत म्हातारबा निघून गेले.

आण्णा शब्दाचे पक्के. पोळ्याला आमची जोडी दावणीलाच उभी राहते की काय, या विचारानं माझं वाचनात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. अंधारून आल्यावर बहिणीचा फोन आला. मागं हलगी कडाडत होती.

"भाऊ, गेलं की तोरणाखालून! म्हातारबा म्हणले, वढतंय तरी का खरंच? आण्णांनी त्यांनाच गाडीत बसवलं. एका हातानं फेटा धरून म्हातारबा मानाच्या बैलामागं दुसरे! लय हसले लोक. अन् आता ते गाडीतून उतरायलाच तयार न्हाईत."